आमच्या रानांतील गेंडा-भुंगा



मृगाच्या पहिल्या दोनचार सरी पडून गेल्या म्हणजे आमच्या गांवीं संध्याकाळीं दिवा लावून ओट्यावर बसणाराला एक अनुभव हमखास येतो. कोठूनसा घों घों असा जाड आवाज येतो, एक काळी वस्तू दिव्यावर धाडकन् आदळते, खालीं उताणी पडते आणि सहा पाय हवेंत हालवीत राहते. मुलें ओरडतात, बायका पदर सांवरून दूर सरतात, आणि मांजर मात्र जवळ येऊन एकदां पंजा मारून पाहतें व पुन्हां कधीं त्या वाटेला जात नाहीं. हा आगंतुक पाहुणा हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

माझें गांव खापर. नंदुरबार जिल्ह्यांतील अक्कलकुवा तालुक्याचें हें गांव सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेलें असून गुजरातची सीमा येथून जवळच आहे. १ जुलै १९९८ रोजीं नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. तोंपर्यंत आमची गणना धुळें जिल्ह्यांत होत असे. या भागांतील शाळांतून मीं छत्तीस वर्षें मास्तरकी केली. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. तेव्हां कीटकशास्त्राचा पंडित म्हणून बोलण्याचा अधिकार मला नाहीं. परंतु या भुंग्याचें आणि माझें एक जुनें देणेंघेणें आहे, आणि त्यांत देणें सगळें माझ्याकडे निघतें. तें कसें, हें ओघानें पुढें येईलच.

पुस्तकांतून या प्राण्याला गेंडा-भुंगा म्हणतात. आमचीं मुलें त्याला नुसताच शिंगवाला भुंगा म्हणतात. स्वीडनचा प्रसिद्ध शास्त्रज्ञ लिनीयस यानें १७५८ सालीं त्याची नोंद केली, आणि आज शास्त्रांत त्याचें नांव ऑरिक्टीस ऱ्हायनोसेरॉस असें आहे. नांवाचा पूर्वार्ध ग्रीक असून त्याचा अर्थ 'खणणारा' असा होतो. उत्तरार्ध म्हणजे उघडच गेंडा. खणणारा गेंडा! इतकें नेमकें नांव मिळण्याचें भाग्य माणसांतही थोड्यांनाच लाभतें.

त्याला हातांत घेण्यास भिण्याचें कारण नाहीं. त्याला नांगी नाहीं, विष नाहीं. मात्र त्याच्या पायांवर कांटे असतात, आणि पाय रोवून रेटण्याची शक्ति अशी कीं, मूठ मिटली तर बोटें फांकवून तो बाहेर पडूं पाहतो. लांबी दीड ते दोन इंच. रंग काळा किंवा तांबुसकाळा. वरून नुकत्याच पॉलिश केलेल्या बुटासारखा चकचकीत, आणि उलटून पाहिल्यास पोटाकडे तांबूस व केसाळ. डोक्यावर एकच शिंग, तेंही मागें वळलेलें. शिंगाच्या मागें जी ढालीसारखी छाती असते तिच्या पुढच्या बाजूस एक खळगा असतो. त्याला जरा दाबलें तर तो चीं चीं असा आवाज करतो. हा आवाज तोंडाचा नव्हे. पोटाचा शेवटला भाग पंखांच्या कठीण झांकणांवर घासून तो काढलेला असतो. वर्गांत मीं भुंगा हातांत धरून हा आवाज मुलांना ऐकवीत असें, आणि नंतरचा अर्धा तास व्याकरण शिकविण्याच्या कामाचा राहत नसे.

नराचें शिंग लांब आणि मादीचें आंखूड, असें आपण सहज समजतों. बहुधा तें खरेंही असतें. परंतु कांहीं नरांचीं शिंगें इतकीं खुजीं असतात कीं, केवळ शिंगावरून निवाडा करणारा फसतो. खरी खूण मागच्या टोंकाला आहे. भुंगा उलटा धरून पोटाचें शेवट पाहावें; तेथें तांबूस केसांचा दाट झुबका असेल तर ती मादी, आणि तें टोंक जवळजवळ बोडकें असेल तर तो नर.

हें शिंग कशासाठीं, हा प्रश्न मोठमोठ्यांना पडलेला आहे. डार्विननें १८७१ सालच्या आपल्या ग्रंथांत भुंग्यांच्या शिंगांचा विचार केला आहे. हीं शिंगें लढण्यासाठीं वापरलीं जातात असा पुरावा त्याला पुरेसा मिळाला नाहीं, म्हणून मोराच्या पिसाऱ्याप्रमाणें तीं शोभेचीं असावींत असें त्याचें मत पडलें. पुढच्या निरीक्षकांनीं मात्र शिंगवाल्या भुंग्यांच्या अनेक जातींतील नर एकमेकांना शिंगानें ढकलतांना, उचलतांना आणि पाडतांना प्रत्यक्ष पाहिले. आणखी एक गोष्ट अशी आढळली कीं, अशा पुष्कळ जातींत शिंगाची लांबी बाळपणीं मिळालेल्या अन्नावर अवलंबून असते. अळी असतांना पोटभर खाल्लें त्याचें शिंग मोठें, आणि उपासमार झाली त्याचें शिंग नांवापुरतें. भुंगा झाल्यावर कितीही खाल्लें तरी तें शिंग मग केसभरही वाढत नाहीं.

त्याच्या बळाविषयीं मीं मुलांना वर्षानुवर्षें एक चुकीची गोष्ट सांगितली, तीही येथें दुरुस्त करतों. हा भुंगा आपल्या वजनाच्या साडेआठशें पट ओझें उचलतो, असें मीं कोठेंतरी वाचलें होतें. तें वाक्य फळ्यावर लिहून मीं त्यावर गणितेंही घातलीं होतीं! अमेरिकेंत रॉजर क्रॅम नांवाच्या संशोधकानें गेंडा-भुंग्यांच्या तिकडच्या एका जातीच्या पाठीवर वजनें बांधून प्रत्यक्ष मोजणी केली; ती १९९६ सालीं प्रसिद्ध झाली. आपल्या वजनाच्या तीसपट ओझें घेऊन तो भुंगा चालत राहतो, आणि शंभरपटीपर्यंत कसेंबसें पेलतो, असें त्यांत दिसून आलें. शंभरपट म्हणजेही थोडें नव्हे. साठ किलो वजनाच्या हमालानें पाठीवर सहा हजार किलो घ्यावे, असा तो हिशेब होतो. तथापि साडेआठशें नव्हे, हें माझ्या ज्या विद्यार्थ्यांनीं तीं गणितें सोडविलीं त्यांनीं कृपा करून लक्षांत घ्यावें.

आतां त्याचें बाळपण. खरें सांगावयाचें तर या प्राण्याचें आयुष्य म्हणजे मुख्यतः बाळपणच होय. दिव्यावर आदळणारा भुंगा हा त्याचा उत्तररंग आहे. मादी आपलीं अंडीं सहसा जिवंत झाडावर घालीत नाहीं. शेणखताचा खड्डा, उकिरडा, कुजलेला पालापाचोळा, किंवा रानांत मरून पडलेलें शिंदीचें अथवा ताडाचें सडकें खोड, अशी जागा ती शोधते आणि तेथें आंत शिरून पांढरीं, ज्वारीच्या दाण्याएवढीं अंडीं एकेक करून ठेवते. सबंध आयुष्यांत अशीं पन्नास ते शंभर अंडीं होतात. आठ ते बारा दिवसांत अंड्यांतून अळी निघते. ही अळी पांढुरकी, गुबगुबीत, तपकिरी डोक्याची, आणि विळ्यासारखी वांकडी होऊन पडलेली असते. दोन्ही कुशींवरून तांबूस ठिपक्यांची एकेक ओळ जाते. ते ठिपके म्हणजे तिचीं श्वास घेण्याचीं छिद्रें. साडेतीन ते सहा महिने ती खत खाण्यावांचून दुसरें कांहीं करीत नाहीं. कुजलेल्या लांकडांतील आणि पाल्यांतील जो कठीण भाग आपणांस कधीं पचावयाचा नाहीं, तो तिच्या आंतड्यांतील सूक्ष्म जंतू आंबवून पचवितात. दोनदां कात टाकून ती वाढत वाढत तीन इंचांपर्यंत जाते. मग ती खतांतच एक घट्ट घर तयार करून आंत कोशांत जाते. कोश तीन ते चार आठवड्यांचा. त्यांतून भुंगा तयार झाला तरी तो लगेच बाहेर येत नाहीं. आणखी दोनतीन आठवडे तसाच अंधारांत, अंगाचें कवच घट्ट होईपर्यंत, वाट पाहत बसतो. पाऊस पडून जमीन मऊ झाली म्हणजे तो वर येतो.

शेतकरी मंडळींचा येथें एक गैरसमज होतो. खताच्या गाडींत अशा अळ्या दिसल्या म्हणजे 'हुमणी आली' म्हणून घबराट उडते. हुमणी ही या अळीची दूरची नातलग खरी, परंतु ती शेतांत जिवंत पिकाचीं मुळें खाते. गेंडा-भुंग्याची अळी जिवंत मुळाला तोंड लावीत नाहीं. तिला कुजलेलेंच लागतें. आकारानेंही ती हुमणीपेक्षां पुष्कळ मोठी, जवळजवळ अंगठ्याएवढी जाड असते. या अळीपणांत तिचा कोणालाही उपद्रव नाहीं. उलट ती खत कुजवितेच. उपद्रव सारा पुढें, पंख फुटल्यावर.

भुंगा बाहेर पडला म्हणजे रात्रीं उडून शिंदी, ताड किंवा माड यांच्या शेंड्यावर जातो. पानांच्या बेचक्यांत शिरून जबड्यांनीं कुरतडीत तो मधल्या कोंवळ्या सुरळींत भोंक पाडतो आणि आंतला रस पितो. चावलेला चोथा भोंकाच्या तोंडाशीं भुशासारखा साठतो. तीच त्याच्या मुक्कामाची खूण. त्या वेळीं सुरळी मिटलेली असल्यामुळें नुकसान दिसत नाहीं. पुढें तें पान उलगडतें तेव्हां कात्रीनें त्रिकोण कापून काढावेत तसें दिसतें. गणपतीच्या आराशीसाठीं मुलें कागदाला घड्या घालून एकाच जागीं कातरतात आणि उलगडल्यावर सगळीकडे सारखी नक्षी उठते, अगदीं तसाच हा प्रकार. ताडामाडांच्या कुळांतील झाडाला आंब्यासारख्या दहा फांद्या नसतात. वाढीचा डोळा एकच, शेंड्यांत. मोठें झाड हें सोसून जातें. कोंवळ्या रोपाचा तो डोळाच खाल्ला गेला तर रोप मरतें. शिवाय त्या जखमेंतून लाल सोंड्या भुंगा शिरतो, आणि तो एकदां आंत गेला म्हणजे मोठ्या झाडाचीही आशा सोडावी लागते.

येथपर्यंत शास्त्र झालें. आतां माझी कथा.

सन १९९६ चा पावसाळा. शाळेच्या कुंपणापलीकडे माझ्या वर्गांतील एका भिल्ल मुलाचें घर होतें. त्याचे वडील दरवर्षीं दिवाळीनंतर बार्डोलीकडे ऊसतोडीला जात. तेथून परततांना एका वर्षीं त्यांनीं नारळाचीं चार रोपें आणलीं आणि अंगणांत लावलीं. नारळ म्हणजे आमच्याकडे हौसेचें झाड. कोंकणांतल्याप्रमाणें पोटापाण्याचें नव्हे. तरी त्या घरानें तीं रोपें लेकरांसारखीं वाढविलीं. उन्हाळ्यांत तो मुलगा शाळेंत येण्यापूर्वीं हापशावरून दोन दोन घागरी आणून तीं शिंपीत असे, हें मीं रोज पाहत होतों. त्या पावसाळ्यांत रोपें पुरुषभर उंच झालीं होतीं, आणि त्यांच्या पानांवर ते कातरलेले त्रिकोण दिसूं लागले.

मीं एका छापील पत्रकांत या भुंग्याविषयीं वाचलें होतें. परोपकाराची मला मोठी हौस. दुसऱ्याच दिवशीं वर्गांत जाहीर केलें कीं, शिंगवाला काळा भुंगा धरून आणावा. पांच भुंग्यांना एक पेन्सिल. मुलांच्या उत्साहाला काय विचारतां! शिंदीचीं बनें, गोठे, रस्त्यावरचे दिवे, सगळें त्यांनीं धुंडाळलें. रॉकेलच्या डब्यांत भुंगे टाकले जात होते आणि माझ्या पगारांतून पेन्सिलींचे डबेच्या डबे संपत होते. तिसऱ्या चवथ्या दिवशीं तो नारळवाल्या घरचा मुलगा डब्यापाशीं उभा राहून हलक्या आवाजांत म्हणाला, 'गुरुजी, हे सगळे झाडावर जाणारे नाहींत. हा शेण पुरतो.' आणि त्यानें एक भुंगा वेगळा काढून दाखविला. मीं तो पाहिला. त्याला शिंग होतें आणि रंग काळा होता. मीं म्हटलें, 'पुस्तकांत शिंगवाला असें लिहिलें आहे कीं नाहीं? मग तूं पुस्तकापेक्षां शहाणा झालास काय?' वर्ग हंसला. तो मुलगा जाग्यावर जाऊन बसला, आणि मला आठवतें त्याप्रमाणें त्यानंतर त्यानें एकही भुंगा आणला नाहीं.

चार रोपांपैकीं दोन दिवाळीपूर्वींच मेलीं. ते लोक नेहमींप्रमाणें ऊसतोडीला गेले. पुढच्या वर्षीं मुलाचें नांव हजेरीपटावर राहिलें नाहीं. तोही कोयता घेऊन वडिलांबरोबर जाऊं लागला होता. दोन नारळ मेले म्हणून तो गेला असें म्हणण्याइतका मी भाबडा नाहीं. आमच्या तालुक्यांत त्या वयाचीं पुष्कळ मुलें तशीच जात.

१९९७ च्या वैशाखांत मीं माझ्या घरचा शेणखताचा खड्डा उपसावयास घेतला. मी तेव्हां एक म्हैस पाळीत असें, आणि माझें घर शाळेला लागूनच होतें. तो खड्डा आणि ते नारळ यांत मोजून तीस पावलांचें अंतर. हात दीड हात खत निघाल्यावर अळ्या दिसूं लागल्या. मग पाटीच्या पाट्या. तळाशीं सुपारीहून मोठीं, घट्ट मातकट घरें लागलीं. एक फोडलें तर आंत पिवळसर कोश होता, आणि त्या कोशाच्या डोक्यावर स्पष्ट शिंग! मी तेथेंच खड्ड्याच्या कांठीं बसलों. गांवभर ज्याचा शोध मुलांकडून करविला, त्याचें पाळणाघर मीं स्वतःच्या परसांत चालविलें होतें, आणि वर्षभर त्याला रोज ताजें शेण पुरविलें होतें.

त्याच दिवशीं दुपारीं शाळेच्या कपाटांतलें नमुन्यांचें खोकें काढलें. मागच्या पावसाळ्यांतल्या भुंग्यांपैकीं चांगले मोठे बारा भुंगे मीं त्यांत टांचून ठेवले होते. कोशाशीं एकेक ताडून पाहिला. बारांतले तीन गेंडा-भुंगे निघाले. उरलेले नऊ शेणभुंगे होते.

शेणभुंगा कोण, तेंही सांगितलें पाहिजे. आमच्याकडे दिव्यावर येणाऱ्या शेणभुंग्यांत एक मोठी, काळी, शिंगवाली जात आहे. शास्त्रांत तिला कॅथार्सियस म्हणतात. नराच्या डोक्यावर एक शिंग असतें, आणि घाईच्या नजरेला तो गेंडा-भुंगाच वाटतो. परंतु नीट पाहिलें तर फरक पुष्कळ आहे. गेंडा-भुंगा लांबट, हा रुंद आणि गोलसर. याचें डोकें पुढें फावड्यासारखें पसरट असतें, आणि पुढचे पाय दांतेरी व चपटे, खणण्यासाठींच घडविल्यासारखे. हा झाडाकडे ढुंकूनही पाहत नाहीं. जनावराचें ताजें शेण पडलें कीं त्याखालीं तो भुयार खणतो आणि तें शेण आंत ओढून नेतो. त्याचे गोळे करून त्यांवर मादी अंडीं घालते. याचीच एक आणखी मोठी नातलग हेलिओकॉप्रिस ही आहे. तिनें मातीनें लिंपलेले शेणाचे गोळे इतके मोठे आणि टणक असतात कीं, जमीन खोदतांना सांपडल्यावर लोकांना ते जुन्या तोफांचे दगडी गोळे वाटले, अशी नोंद आहे. फ्रान्समधील फाब्र या निरीक्षकानें अशाच एका जातीची मादी आपल्या गोळ्यांपाशीं भुयारांत बसून पिलें बाहेर पडेपर्यंत राखण करते, असें पाहिलें. हा फाब्र पेशानें शाळामास्तरच होता. पेशा एकच, पण त्यानें पाहिलें, आणि मीं पेन्सिली वाटल्या.

या शेणभुंग्यांची किंमत काय, हें ऑस्ट्रेलियाच्या लोकांनीं पैसे मोजून शिकलें. तेथें १७८८ सालीं गोऱ्या लोकांबरोबर गाईबैल गेले. तेथील मूळचे शेणभुंगे कांगारूच्या कोरड्या लेंड्यांवर जगणारे. गाईच्या पातळ शेणाची त्यांना संवय नव्हती. शेण जागच्या जागीं वाळून राही, त्याखालचें गवत मरे, आणि त्यांत माशा अतोनात माजत. शेवटीं जॉर्ज बोर्नेमिस्सा या शास्त्रज्ञाच्या पुढाकारानें १९६५ पासून वीस वर्षें परदेशांतून शेणभुंगे आणून तेथें सोडण्याची मोहीम चालली. तिकडे जे विकत आणले, ते इकडे मीं पांचाला एक पेन्सिल देऊन रॉकेलांत बुडविले.

भुंगे वेंचण्याची मोहीम फसणारा मी पहिला नव्हे, हें मला पुढें वाचनांत कळलें. सामोआ बेटांत हा गेंडा-भुंगा १९०९ च्या सुमारास सिंहलद्वीपाहून आलेल्या रबराच्या रोपांबरोबर, मुळांच्या मातींतून, पोंचला. ज्या देशाचें सगळें पोट नारळावर त्या देशांत हा पाहुणा! सरकारनें लोकांवर भुंगे आणि अळ्या वेंचून देण्याची सक्ति केली. वेंचले पुष्कळ; परंतु कुजकीं खोडें आणि उकिरडे उरलेच, आणि भुंगाही उरला. पुढें १९६३ सालीं हूगर या जर्मन शास्त्रज्ञाला मलायांत या भुंग्याच्या अळ्यांत एक रोग सांपडला. तो विषाणूचा होता. १९६७ मध्यें तो विषाणु सामोआंत सोडला, आणि तेथें प्रथमच भुंग्यांची संख्या खरोखर घटली. ही हकीकत येथेंच संपली असती तर बरें झालें असतें. परंतु २००७ सालीं ग्वाम बेटावर जे भुंगे आढळले त्यांच्यावर तो विषाणु लागू पडेना, आणि तेथील नारळ मोठ्या संख्येनें मेले. २०१३ मध्यें हवाई बेटांतही हा भुंगा पोंचला.

उपाय थोडक्यांत सांगतों, कारण आपणांपैकीं पुष्कळांच्या बंगल्यांत दोनचार माड असतील, आणि हल्लीं शहरांतही घरोघर ओल्या कचऱ्याचें खत करण्याची पद्धत पडली आहे. भोंक ताजें असेल तर लोखंडी आंकडीनें भुंगा ओढून काढावा. कोंकणांतील बागायतदार हें पूर्वींपासून करीत आले आहेत. मग वरच्या पानांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड आणि वाळू मिसळून भरावी. एरंडीची पेंड पाण्यांत आंबवून मडकीं बागेंत पुरून ठेविलीं तर वासानें भुंगे येऊन त्यांत पडतात. नर जो गंध सोडतो तो १९९५ सालीं शास्त्रज्ञांनीं ओळखला. आतां तो कृत्रिम रीतीनें तयार करून सांपळ्यांत ठेवतात, आणि नर व मादी दोघेही त्याला भुलतात. खड्ड्यासाठीं मेटारायझियम नांवाची हिरवी बुरशी मिळते. रशियांतील मेचनिकॉफ यानें १८७९ सालीं गव्हावरच्या एका भुंग्याच्या अळ्या मारण्यासाठीं ती प्रथम वापरून पाहिली. तिच्यानें मेलेली अळी वरून हिरवट पिठीनें माखल्यासारखी दिसते. परंतु सर्वांत मोठा उपाय म्हणजे खत जास्त दिवस सांचूं न देणें, खड्डा वेळेवर उपसणें आणि मेलेलें झाड बागेंत पडूं न देणें. यांतल्या कशालाही पेन्सिल लागत नाहीं.

खड्ड्यांतील ती गोष्ट मीं त्या घरच्या माणसांना त्या वेळीं सांगितली नाहीं. सांगण्याचे प्रसंग आले, मीं टाळले. मास्तरला गांवांत मान असतो, आणि तो मान पुष्कळ वेळां अशाच न सांगितलेल्या गोष्टींवर उभा असतो. त्याचे वडील वारले. मी सेवेंतून निवृत्त झालों. चार वर्षांपूर्वीं एका संध्याकाळीं तो मुलगा, आतां त्याला मुलगा तरी कसा म्हणावा, स्वतःच्या मुलाच्या दाखल्याच्या कांहीं कामासाठीं माझ्या ओट्यावर आला होता. पाऊस नुकताच उघडला होता, आणि नेमका तेव्हां एक भुंगा दिव्यावर येऊन आपटला. मीं तो उचलला, उलटा करून पाहिला, आणि सगळें सांगून टाकलें. खड्डा, अळ्या, तीं तीस पावलें, आणि खोक्यांतले ते नऊ शेणभुंगे.

तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग हंसला आणि म्हणाला, 'आम्हांला माहीत होतें, गुरुजी. बा तेव्हांच म्हणाला होता, भुंगा मास्तरांच्या खड्ड्यांतून येतो. पण खड्डा तुमचा होता. तुम्हांला कोण सांगणार?'

त्यावर मला उत्तर सुचलें नाहीं. अजूनही सुचलेलें नाहीं. उरलेले दोन नारळ अजून उभे आहेत आणि त्यांना फळ धरतें. म्हैस मीं केव्हांच विकली. पण धाकट्या भावाच्या गाई आहेत, तेव्हां खड्डा आहेच. हल्लीं दर वैशाखांत तो आपल्या मुलाला घेऊन येतो आणि आम्ही तिघे मिळून खड्डा उपसतों. या वर्षीं त्रेचाळीस अळ्या आणि सहा कोश निघाले. अळ्या त्यांच्या कोंबड्यांनीं अर्ध्या तासांत संपविल्या. कोशांपैकीं एक त्या मुलानें मागून घेतला. माझ्या घरीं एका काचेच्या बरणींत खत घालून, वर तारेची जाळी बांधून, तो ठेवला आहे. शाळा सुटली कीं मुलगा रोज येऊन बरणी उजेडाकडे धरून पाहतो. परवां तो मला म्हणाला, शिंग काळें पडूं लागलें.